दिघीतून तीन सहली

आज आपण सहलीविषयी बोलणार आहोत. देवदर्शनाला आपण जातोच. अष्टविनायक झाले, पंढरपूर झालं, शिर्डी झाली. आज बोलायचं आहे ते इतिहासाच्या सहलींविषयी, आणि त्यासाठी दिघी सोडून लांब कुठे जायची गरज नाही.

बाहेरच्या देशांतले लोक सुट्टीला जातात तेव्हा त्यांची एक रीत असते. समुद्रकाठच्या एका गावात मुक्काम ठेवायचा आणि रोज सकाळी निघून एकेक जुनी जागा पाहून संध्याकाळी परत यायचं. आफ्रिकेच्या उत्तरेला ट्युनिशिया नावाचा देश आहे. तिथे अशा सुट्टीला खूप लोक जातात. एक दिवस कार्थेज या जुन्या शहराचे अवशेष, एक दिवस एल जेमचं रोमन लोकांचं मोठं रंगण, एक दिवस बाजार. इजिप्तमध्येही तसंच. लोक समुद्रावर राहतात आणि पिरॅमिड बघून येतात. तिथल्या बायका त्यांना जेवण घालतात, विणलेल्या वस्तू विकतात, घरातली खोली भाड्याने देतात.

आपल्याकडेही हेच सुरू झालं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या सगळ्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी हातात यायला काही वर्षं जातात. तोवर घर चालवायचं कशावर? म्हणून बऱ्याच घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, गटांनी खानावळी काढल्या. मोदक, सोलकढी, माशाचं जेवण आपण चांगलंच देतो. पण जेवून झाल्यावर पाहुणा विचारतो, "मावशी, इथे बघण्यासारखं काय आहे? तो किल्ला कुणाचा?" तेव्हा आपण घरातल्या पुरुषाकडे नाहीतर होडीवाल्याकडे बोट दाखवतो. आपल्याच गावची गोष्ट आपण दुसऱ्याच्या तोंडी देतो. आमचं म्हणणं असं की, ती गोष्ट आपण सांगावी. पण सांगायची तर नीट सांगावी, आणि त्यासाठी आधी आपण जाऊन बघावी.

जाताना एक सोपा हिशोब डोक्यात ठेवायचा. जुन्या गोष्टी तीन तऱ्हांनी आपल्यापर्यंत येतात. काही कोरलेल्या असतात, दगडावर किंवा तांब्यावर. काही लिहिलेल्या असतात, पत्रांत, पुस्तकांत, सरकारी दप्तरात. आणि काही नुसत्या सांगितलेल्या असतात, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात. सांगितलेली गोष्ट खोटीच असते असं नाही. पण पाहुण्याला सांगताना "असं लिहून ठेवलंय" आणि "असं सांगतात" यांतला फरक आपल्या बोलण्यात यायला हवा. डाळ आणि खडे वेगळे करणं बायकांना शिकवावं लागत नाही.

पहिली सहल जंजिऱ्याची. दिघीच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीच्या तोंडाशी तो दिसतोच. पर्यटनाच्या दिवसांत दिघीहून लाँच जाते, आणि पलीकडे राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, तेव्हा नाव काढायचं नाही. सोबत पिण्याचं पाणी घ्या. होडी दरवाज्याशी हलत असते आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून वयस्कर बायांना मधे ठेवा आणि पायांत घसरणार नाही अशी चप्पल घाला.

जंजिरा हा शब्द अरबीतल्या जझीरा या शब्दावरून आला. त्याचा अर्थ बेट. म्हणजे "जंजिरा बेट" म्हणणं हे "बेट बेट" म्हणण्यासारखंच आहे. या बेटावर आधी कोळ्यांचा मेढेकोट होता. मेढेकोट म्हणजे मोठमोठे लाकडी खांब रोवून केलेलं कुंपण. समुद्रावरच्या लुटारूंपासून जीव वाचवायला राजपुरीच्या कोळ्यांनी तो उभारला. त्यांच्या प्रमुखाचं नाव राम पाटील सांगतात. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीने पिरमखान नावाचा सरदार पाठवला. तो व्यापारी बनून आला, दारूची पिंपं उतरवली, कोळ्यांना पाजली आणि रात्रीत मेढेकोट घेतला, असं सांगतात. दगडी कोट मात्र 1567 ते 1571 या काळात निजामशाहीने बांधला, हे इतिहासात नोंदलेलं आहे. पुढे सिद्दींनी त्यात भर घातली आणि आज दिसतो तो किल्ला उभा राहिला.

हे सिद्दी कोण? इथे आफ्रिका आपल्या दारात येते. आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या हबसाण देशातून, आज ज्याला इथिओपिया म्हणतात तिथून आणि आसपासच्या मुलखातून माणसं पकडून विकली जात. बापे, बाया, लहान पोरं, सगळीच. अरबांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर येत. त्यांना हबशी म्हणत, सिद्दी म्हणत. काहींनी तलवारीच्या आणि दर्याच्या ज्ञानाच्या बळावर नाव काढलं. त्यांतला सगळ्यांत मोठा मलिक अंबर. तो लहानपणी विकला गेला, एकाकडून दुसऱ्याकडे जात अरबस्तान आणि बगदादवरून अहमदनगरला पोचला, आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने जमिनीची पाहणी करून साऱ्याची पद्धत बसवली आणि खडकी हे शहर वसवलं, ज्याला पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. 1626 मध्ये तो वारला. जंजिऱ्याचे सिद्दी त्याच निजामशाहीचे किल्लेदार होते. निजामशाही बुडाल्यावर त्यांनी आधी आदिलशाहीशी आणि मग मोगलांशी जमवून घेतलं आणि आपलं राज्य राखलं.

पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर अनेकदा मोहिमा काढल्या. जवळच कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला. तो जंजिऱ्याच्या तटावरून दिसतो. त्याच्या भिंतीतले दगड खाऱ्या वाऱ्याने झिजले, पण सांध्यांतला चुना तसाच उभा आहे. जंजिऱ्याला रात्री शिड्या लावणाऱ्या लाय पाटलांची गोष्ट इथल्या कोळीवाड्यांत सांगतात. महाराजांनी त्यांना पालखीचा मान दिला, तेव्हा ते म्हणाले की आम्ही दर्यावर राहणारी माणसं, पालखी घेऊन काय करू? मग महाराजांनी त्यांना गलबत दिलं आणि त्याचं नाव पालखी ठेवलं. संभाजी महाराजांनी 1682 च्या सुमारास किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भर घालायला घेतली होती. तेवढ्यात मोगल फौज कल्याणच्या बाजूला उतरली आणि ते काम सोडावं लागलं.

आता दोन गोष्टी जपून सांगायच्या. पहिली कोंडाजी फर्जंदांची. ते फितुरीचं नाटक करून किल्ल्यात शिरले होते. आतला दारूगोळा उडवायचा बेत होता. एका दासीने बातमी फोडली आणि ते मारले गेले, अशी ही गोष्ट. ऐकणारा त्या दासीला शिव्या देतो. आम्ही म्हणतो, शिव्या देण्याआधी तिला विचारून बघा की बाई, तू इथे आलीस कशी? तुला कुणी विकलं? दारूगोळा उडाला असता तर तू आणि तुझ्या ओळखीची पोरं कुठे असती? तिचं नाव कुणी ठेवलं नाही. आणि असं समजू नका की बायका विकत घेणं हे फक्त त्या तटाच्या आत चालायचं. पेशव्यांच्या काळातल्या कागदांतही कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. इंग्रजी अमलात गुलामगिरीविरुद्धचा कायदा 1843 मध्ये झाला, तोवर हे चालूच होतं.

दुसरी गोष्ट, "अजिंक्य" हा शब्द. होडीवाला तो दहादा सांगतो. किल्ला लढून कुणी घेतला नाही हे खरंच. पण त्या लढायांत दोन्ही बाजूंनी किनाऱ्यावरची गावं जळाली, माणसं धरून नेली गेली. त्या गावांना अजिंक्य कुणी म्हटलं नाही. आणि ऐकणाऱ्या पाहुण्याला असंही वाटायला नको की आजच्या राजपुरीतली, मुरूडमधली मुसलमान घरं म्हणजे त्या लढाईतली दुसरी बाजू. सिद्दींच्या नोकरीत हिंदू होते, कोळी होते, ब्राह्मण कारभारी होते. आपली दिघी, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा मुलूख 1948 पर्यंत जंजिरा संस्थानातच होता. त्या वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे आपल्यातल्या काहींच्या आज्या नवाबांच्या राज्यात जन्मलेल्या.

किल्ल्यात गेलात की तोफा बघा. कलालबांगडी तोफेसमोर सगळे फोटो काढतात. पण त्यानंतर गोड्या पाण्याची मोठी तळी बघायला विसरू नका. चारी बाजूंनी खारं पाणी, आत वस्ती, आणि त्या सगळ्या वस्तीचं पिणं, रांधणं, धुणं या तळ्यांवर. तोफ कधीतरी डागायची. पाणी रोज भरायचं. ते कुणी भरलं असेल हे आपल्याला कुणी सांगायला नको.

जंजिऱ्याच्या बायकांपैकी दोघींची नावं मात्र लिहिलेली सापडतात. नवाब सिद्दी अहमदखान यांच्या पत्नी नाझली बेगम. मुंबईच्या शिकलेल्या फैजी घराण्यातल्या. 1908 मध्ये त्या नवाबांबरोबर युरोपला गेल्या. बहीण अतिया फैजी बरोबर होती. तिथे काय पाहिलं, कुणाला भेटलो, हे त्यांनी उर्दूत लिहिलं आणि त्याचं पुस्तक झालं, सैर-ए-युरोप. आपल्या खाडीच्या तोंडाशी राहिलेल्या बाईने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी प्रवासवर्णन लिहिलं, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत होतं? पुढे त्यांना मूल नाही म्हणून नवाबांनी दुसरं लग्न केलं आणि त्या वेगळ्या झाल्या. राणी झाली तरी ते चुकलं नाही. दुसऱ्या कुलसूम बेगम. 1922 मध्ये नवाब वारले तेव्हा मुलगा लहान होता. 1933 पर्यंत संस्थानाचा कारभार कुलसूम बेगमांनी पाहिला. आपल्या दिघीवर अकरा वर्षं एका बाईचा अंमल होता.

येताना वेळ असेल तर राजपुरीजवळ खोकरीचे घुमट बघा. सिद्दी सरदारांच्या त्या कबरी आहेत. सगळ्यांत मोठा घुमट सिद्दी सुरूलखानाचा. कबरीची जागा आहे, तेव्हा आवाज कमी ठेवा आणि डबे तिथे उघडू नका.

दुसरी सहल कुड्याच्या लेण्यांची. जंगलजेट्टीने आगरदांड्याला उतरायचं आणि तळा-इंदापूरच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याने कुडे गाठायचं. हीच आपली राजपुरीची खाडी आत जाऊन जिथे निमुळती होते, तिथल्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत. सगळी मिळून 26. वरून खाडीचं पाणी दिसतं. लेणी साधारण अठराशे वर्षांपूर्वीची, काही मूर्ती त्यानंतरच्या.

इतकी लेणी इथेच का? कारण खाली बंदर होतं. त्या काळी इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून गलबतं निघायची आणि पावसाळी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागायची. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. त्याच्या यादीत मंदगोरा असं एक नाव आहे, आणि ते कुड्याजवळचं मांदाड असावं असं काही अभ्यासक मानतात. तिकडे इजिप्तमधल्या बेरेनिके या जुन्या बंदरात खणताना आपल्या देशातली काळी मिरी सापडली, सागवानी लाकूड सापडलं, सुती कापड सापडलं. अलीकडे तिथे बुद्धाची मूर्तीही मिळाली. म्हणजे आफ्रिकेशी आपली ओळख सिद्दींच्याही किती आधीची!

व्यापाराचा पैसा आला आणि लोकांनी लेणी कोरवून दान केली. दान देणाऱ्यांची नावं भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, फुलमाळी आहे. आणि बायका आहेत. पदुमणिका नावाची एक भिक्षुणी, म्हणजे संसार सोडलेली बाई. तिने एक लेणं आणि पोढी दान दिली. पोढी म्हणजे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. लेखात ती आपली ओळख देते ती आईच्या नावाने. नागनिकेची मुलगी, असं. आणि आपल्या दोन शिष्यांची नावं बरोबर घेते, बोधी आणि असाळ्हमिता. दुसरी भायिला, एका ब्राह्मणाची बायको. तिने चैत्यघर दिलं, म्हणजे प्रार्थनेची जागा. अठराशे वर्षं झाली, राजांची नावं लोक विसरले, आणि या बायांची नावं अजून खडकात आहेत. जंजिऱ्याच्या त्या दासीला नाव नाही आणि तिच्याहून हजार-दीड हजार वर्षं आधीच्या पदुमणिकेला आहे. याचं कारण एवढंच, की पदुमणिकेच्या हाती देण्यासारखं काही होतं आणि तिने ते स्वतःच्या नावाने दिलं. हे आम्ही सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर बाईचं नाव लावायच्या कामात नेहमी सांगतो. मालकी असली की नाव राहतं.

कुड्याला जाताना जेवणाचा डबा आणि पाणी घरूनच न्या. लेण्यांवर कोळशाने, खडूने नावं लिहू नका, पोरांना लिहू देऊ नका. नाव कोरायचं तर पदुमणिकेसारखं काही देऊन कोरावं.

तिसरी सहल बोर्ली पंचतनवरून दिवेआगर आणि पुढे श्रीवर्धन. दिवेआगरला सुवर्ण गणेशाचं दर्शन घेतोच आपण. 1997 मध्ये सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत तो सोन्याचा मुखवटा मिळाला. 2012 मध्ये दरोडा पडला, राखणीला असलेल्या दोघांचा जीव गेला आणि मुखवटा चोरांनी वितळवला. 2021 मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. पण दिवेआगरचं आणखी एक धन आहे, ज्याकडे चोरही वळले नाहीत. इथे शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा ताम्रपट मिळाला. मराठी भाषेत लिहिलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. ज्ञानेश्वरीच्या सव्वादोनशे वर्षं आधी आपल्या या किनाऱ्यावर मराठीत लिहिलं जात होतं. पाहुण्याला दर्शनाला पाठवाल तेव्हा हेही सांगा.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. भट घराणं सिद्दीच्या राज्यात इथलं देशमुख होतं. सिद्दीशी बिनसलं, तेव्हा वेळासच्या भानूंबरोबर बाळाजी घाटावर गेले आणि 1713 मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. गावात त्यांचा पुतळा आहे. मात्र तिथे उभं राहून आम्हाला आठवण होते ती त्यांच्या पत्नीची. राधाबाई, बाजीराव आणि चिमाजी आप्पांची आई. 1720 मध्ये त्या विधवा झाल्या. 1735 मध्ये त्या काशीयात्रेला निघाल्या आणि पुढच्या वर्षी परतल्या. वाटेत उदेपूरच्या राण्याने, जयपूरच्या सवाई जयसिंगाने त्यांचा मान राखला. ज्या मोगल सरदारांशी मुलाची लढाई, त्यांनीही वाटेत त्यांना सांभाळून पुढे जाऊ दिलं. या यात्रेची हकीकत पेशवे दप्तरातल्या पत्रांत आहे. त्याच सुमारास, एप्रिल 1736 मध्ये, चिमाजी आप्पांनी रेवसजवळ सिद्दी सातचा पराभव केला. त्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. मुलाची लढाई पुस्तकात मोठ्या अक्षरांत असते. आईचा दीड हजार मैलांहून मोठा प्रवास एका ओळीत संपतो.

बायांनो, या तीन सहलींना पैसे फार लागत नाहीत. लागतो तो दिवस मोकळा करणं. "घरचं कोण बघेल?" हा प्रश्न पहिला येतो. पंढरीला जाताना तो सुटतो, तर जंजिऱ्याला जाताना का सुटू नये? गटाच्या बैठकीत तारीख ठरवा. ज्यांची पोरं लहान आहेत त्यांची सोय आधी लावा. होडीचं आणि गाडीचं भाडं आधी ठरवून घ्या. प्रत्येक सहलीला दोघींनी वही न्यावी. एकीने कोरलेलं आणि लिहिलेलं टिपावं, दुसरीने सांगितलेलं. गावातल्या म्हाताऱ्या बायांना संस्थानाच्या काळातलं काय आठवतं, त्यांच्या आयांनी काय सांगितलं, तेही विचारा आणि त्यांच्या नावासकट लिहा.

मग पाहुणा जेवून हात धुऊन विचारेल, "मावशी, तो किल्ला कुणाचा?" तेव्हा आधी कोळ्यांच्या मेढेकोटापासून सुरू करा. त्याला घाई असली तर निदान पाण्याच्या तळ्यापर्यंत तरी न्या.